घड्याळांचा छंद चारचौघांत यावा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मनगटी घड्याळांविषयी वृत्तपत्रांत जो मजकूर येतो, तो बहुतेक वेळा दोनच प्रकारचा असतो. एक तर कुठल्यातरी लिलावात एखादे घड्याळ विक्रमी बोलीला गेल्याची बातमी असते, किंवा सोने आणि समभाग यांच्या जोडीने घड्याळांतही पैसे गुंतवावेत असा सल्ला असतो. पॉल न्यूमन या अभिनेत्याच्या मालकीचे रोलेक्स डेटोना ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरहून अधिक रकमेला विकले गेले, तेव्हा ती बातमी जगभर छापली गेली. बातमी म्हणून तिच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. परंतु ज्याने घड्याळाचे मागचे झाकण उघडलेले कधी पाहिलेले नाही, त्या वाचकाला अशा बातम्यांवरून हा छंद म्हणजे तिजोरी भरण्याचा एक प्रकार वाटतो. गेली अनेक वर्षे जुनी घड्याळे जमवणारा, ती दुरुस्त करवून घेऊन वापरणारा आणि समानधर्मी मंडळींसमोर मांडणारा एक वाचक म्हणून मला हे चित्र फार अपुरे वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

घड्याळे जमवण्यात एवढे काय आहे, असे मला नेहमी विचारले जाते. वेळ तर आता प्रत्येकाच्या फोनवर दिसते आणि ती कुठल्याही यांत्रिक घड्याळापेक्षा अचूक असते. हे अगदी खरे आहे. तरीही चावीच्या घड्याळाचे यंत्र एकदा भिंगातून पाहिले, की मनुष्य त्यात गुंतून जातो. त्यात सेल नसतो, वायर नसते. गुंडाळलेल्या स्प्रिंगमधली शक्ती दातेरी चाकांच्या साखळीतून पुढे सरकते आणि एस्केपमेंट नावाची इवलीशी यंत्रणा ती शक्ती थोडी थोडी, मोजून, बॅलन्स व्हीलच्या पदरात टाकते. वेटोळ्यासारख्या गुंडाळलेल्या, केसाएवढ्या बारीक हेअरस्प्रिंगच्या जोरावर हे चाक पुढे-मागे झुलत राहते. एका बाजूचा झोका एक असा मोजला, तर जुन्या घड्याळांत ते तासाला १८,००० झोके घेते, म्हणजे सेकंदाला पाच आणि दिवसाला ४,३२,०००. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यामुळे एखादे जुने घड्याळ दिवसाला दहा सेकंद पुढे गेले, तर त्याची चूक ८,६४० त एक एवढीच होते. क्रोनोमीटर, म्हणजे अचूकतेच्या कसोटीला उतरलेले घड्याळ, असे स्वित्झर्लंडचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी यंत्राची दिवसाची सरासरी चूक उणे चार ते अधिक सहा सेकंदांच्या आत राहावी लागते. बोटाच्या पेरावर मावणाऱ्या, नुसत्या धातूच्या चाकांच्या यंत्राने एवढे साधावे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

या अचूकतेमागे किती माणसांची बुद्धी खर्ची पडली आहे, हेही या छंदामुळेच कळत गेले. उष्णतेने पोलादी हेअरस्प्रिंग सैल पडते आणि घड्याळ मागे राहते, ही घड्याळे बनवणाऱ्यांची फार जुनी डोकेदुखी होती. ती दूर झाली निकेल आणि पोलाद यांच्या मिश्रधातूंमुळे, आणि त्या मिश्रधातूंचा अभ्यास करणारे शार्ल एदुआर गियोम यांना १९२० सालचा भौतिकशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. डायलवर ‘१७ ज्वेल्स’ असे लिहिलेले आपण सर्वांनी वाचलेले असते. ती संख्या शोभेच्या खड्यांची नसून चाकांचे आस जिथे फिरतात आणि भाग एकमेकांवर घासतात त्या ठिकाणी बसवलेल्या माणकांची असते, आणि ती माणके खाणीतली नसून कारखान्यात तयार केलेली असतात. कृत्रिम माणके भट्टीत बनवण्याची पद्धत ऑग्युस्त व्हेर्न्योय यांनी १९०२ मध्ये जाहीर केली. तोपर्यंत जी वस्तू महागड्या घड्याळांतच पोटभर घालता येत असे, ती नंतर साध्या माणसाच्या मनगटावरच्या घड्याळातही आली.

हे सगळे पुस्तकात वाचता येते. पण माझ्या अनुभवात घड्याळ खऱ्या अर्थाने कळते ते इतरांच्या घड्याळांशेजारी ठेवल्यावर. आम्ही काही घड्याळप्रेमी अधूनमधून एकत्र जमतो. टेबलावर एक मऊ कापड अंथरलेले असते, प्रत्येकाने आपली तीन-चार घड्याळे आणलेली असतात, आणि पहिली काही मिनिटे कोणी फारसे बोलत नाही. मग एखादा खोलीतला पंखा बंद करतो आणि आम्ही घड्याळे एकेक करून कानाला लावतो. सेकंदाला पाच झोके घेणाऱ्या जुन्या घड्याळाची टिकटिक सुटी सुटी आणि सावकाश ऐकू येते. आठ झोके घेणाऱ्याची एकमेकींत मिसळते. १९६९ मध्ये आलेल्या, झेनिथ या स्विस कंपनीच्या एल प्रिमेरो या यंत्राचे चाक सेकंदाला दहा झोके घेते, त्यामुळे त्याचा आवाज जवळजवळ सलग वाटतो. आणि मग कोणीतरी १९६० साली बाजारात आलेले बुलोव्हाचे अ‍ॅक्युट्रॉन पुढे करतो. त्यात बॅलन्स व्हीलच नाही. त्याच्या जागी सेकंदाला ३६० वेळा कंप पावणारा एक छोटा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे नादकाटा, आहे, आणि म्हणून हे घड्याळ टिकटिक करत नाही, ते गुणगुणते. लाकडी पेटीवर ठेवले तर ती गुणगुण आणखी मोठी होते. ही गोष्ट मी आधी अनेकदा वाचली होती, परंतु एका ज्येष्ठ स्नेह्यांनी ते घड्याळ माझ्या हातात देऊन ‘आता डोळे मिटून ऐका’ असे सांगितले, तो क्षण वाचनातून मिळणारा नव्हता. त्यांनी ते घड्याळ तिजोरीत ठेवले असते, तर त्या दिवशी माझ्याकडे काय आले असते?

अशा बैठकीत क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर आणि स्फटिकावर चालणाऱ्या, घड्याळांना खालच्या पायरीवर बसवण्याची काहींना सवय असते. मला ती योग्य वाटत नाही. जपानच्या सेइको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत ‘क्वार्ट्झ अ‍ॅस्ट्रॉन’ विक्रीस आणले, आणि पुढच्या पंधरा वर्षांत स्विस घड्याळ उद्योगातल्या हजारो लोकांची कामे गेली, हे खरे. परंतु आजच्या बहुतेक क्वार्ट्झ घड्याळांतला, विजेच्या साहाय्याने सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा स्फटिक आणि ती संख्या पंधरा वेळा निम्मी निम्मी करत बरोबर एक सेकंदावर आणून ठेवणारे सर्किट ही कल्पनाही कोणत्याही चाकाइतकीच देखणी आहे. १९८९ पासून आजवर बनत असलेले कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू हे प्लास्टिकचे घड्याळ आमच्यातल्या एका विद्यार्थिनीने टेबलावर ठेवले, तेव्हा तिला थोडा संकोच वाटत होता. त्या दिवशी सर्वांत जास्त वेळ चर्चा झाली ती त्याच घड्याळावर, आणि ते तसेच व्हायला हवे होते. संग्रह मोठा की लहान, महाग की स्वस्त, यावर ज्या मंडळींत माणसाची जागा ठरते, तिथे नवखा माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

घड्याळे एकमेकांना दाखवल्याने इतिहासात भर पडते, याचे एक फार सुंदर उदाहरण आहे. चंद्रावर गेलेल्या घड्याळाची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. नासाने १९६५ मध्ये चाचण्या घेऊन ओमेगा स्पीडमास्टर मंजूर केले आणि १९६९ मध्ये बझ ऑल्ड्रिन ते घालून चंद्रावर उतरले. पण नोव्हेंबर १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकाच्या स्कायलॅब ४ मोहिमेवर गेलेले अंतराळवीर विल्यम पोग यांनी नासाने दिलेल्या घड्याळाखेरीज स्वतःचे, पिवळ्या डायलचे सेइको ६१३९ हे ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे आणि स्टॉपवॉच असलेले) घड्याळही, कोणाची रीतसर परवानगी न घेता, सोबत नेले होते. सरावाच्या काळात ते त्यांच्या हातावर बसले होते, एवढेच कारण. ती मोहीम ८४ दिवस चालली. या घड्याळाची दखल पुढे कित्येक वर्षे कोणी घेतली नाही. मग जुनी छायाचित्रे बारकाईने पाहणाऱ्या एका घड्याळप्रेमीला पोग यांच्या मनगटावर ते दिसले, त्याने त्यांच्याशी संपर्क साधला आणि त्यांनी ते खरे असल्याचे सांगितले. आज जगभरचे संग्राहक त्या पिवळ्या डायलच्या घड्याळाला ‘पोग’ या नावानेच ओळखतात. हे काम कोणा संस्थेने सोपवले नव्हते. ते आवडीने पाहणाऱ्या डोळ्यांनी केले आणि त्या माणसाने ते स्वतःपुरते ठेवले नाही.

याच सेइको घड्याळांच्या मागच्या क्रमांकावरून त्यांचे वय काढणे हा आमच्या बैठकीतला नेहमीचा आनंद आहे. त्या काळच्या अनुक्रमांकातला पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरे चिन्ह महिन्याचे असते. ऑक्टोबरसाठी शून्य असते, तर नोव्हेंबर आणि डिसेंबर यांसाठी अंकाऐवजी त्या महिन्यांची इंग्रजी आद्याक्षरे असतात. म्हणजे पहिला अंक ३ असेल, तर वर्ष १९६३, १९७३ की १९८३ हे क्रमांक सांगत नाही, ते यंत्राच्या नमुन्यावरून, डायलवरच्या अक्षरांवरून आणि पट्ट्याच्या कड्यांवरून ठरवावे लागते. एकट्याला जे कोडे आठवडाभर सुटत नाही, ते चार जणांच्या आठवणींत दहा मिनिटांत सुटते.

माझी सर्वांत मोठी चूकही मला अशाच एका बैठकीत कळली. छंदाच्या सुरुवातीच्या काळात मी १९६० च्या दशकातले एक चावीचे घड्याळ विकत घेतले होते. डायल आरशासारखे लखलखीत होते आणि विकणाऱ्याने ते मुळातलेच असल्याचे सांगितले होते. मी ते मोठ्या अभिमानाने मंडळींसमोर ठेवले. एका ज्येष्ठांनी ते भिंगाखाली बराच वेळ पाहिले आणि हळू आवाजात विचारले, ‘तुम्ही मिनिटांच्या रेघा मोजल्यात का?’ मी मोजल्या. सात आणि आठ या आकड्यांच्या मध्ये चार रेघा असायला हव्यात, तिथे पाच होत्या. डायल कोणीतरी पुन्हा रंगवलेले होते. त्यांनी ते चारचौघांत मोठ्याने सांगितले नाही, माझी फजिती केली नाही. ‘यंत्र उत्तम आहे, वापरा,’ एवढे म्हणाले आणि पुढच्या भेटीत त्याच नमुन्याच्या मूळ डायलची छायाचित्रे घेऊन आले. अक्षरांची जाडी, आकड्यांची टोके, सहाच्या खाली अगदी कडेला छापलेले बारीक शब्द, त्या शब्दांच्या दोन्ही बाजूंना असलेले ‘टी’ हे अक्षर अंधारात चमकण्यासाठी ट्रिटियम हा किरणोत्सारी पदार्थ वापरल्याचे सांगते, हे सगळे मी त्या एका दुपारी शिकलो. ते घड्याळ मी आजही घालतो. डाग पडलेले मूळ डायल हे नव्याने रंगवलेल्या डायलपेक्षा मोलाचे असते, हे मला तेव्हापासून कोणाला विचारावे लागलेले नाही.

ट्रिटियमचा उल्लेख आला म्हणून एक सावधगिरीची सूचना इथेच करतो, कारण ती नवख्यांना कोणी सांगत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागातल्या अनेक घड्याळांचे काटे आणि आकडे अंधारात चमकावेत म्हणून त्यांवर रेडियम या किरणोत्सारी धातूचा रंग लावलेला असे. हा रंग कुंचल्याने लावणाऱ्या अमेरिकेतल्या तरुण कामगार मुलींना कुंचल्याचे टोक ओठांनी जुळवण्यास सांगितले जात असे आणि त्यांतल्या अनेकींना त्यामुळे प्राण गमवावे लागले. घड्याळ आवडणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत असली पाहिजे. ट्रिटियमचे अर्धायुष्य, म्हणजे त्याचा किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, सुमारे १२ वर्षांचे, तर रेडियमचे सुमारे १,६०० वर्षांचे. चमकणारा पदार्थ कधीच निकामी झालेला असतो, त्यामुळे डायल अंधारात चमकत नाही म्हणजे रेडियम संपले, असे मुळीच समजू नये. असे घड्याळ घरी उघडू नये, त्याचे काटे खरवडू नयेत आणि मुलांच्या हाती देऊ नये. जाणकार कारागिरालाही ते देताना आधी सांगावे.

आता तिजोरीविषयी. घड्याळ बंद पेटीत ठेवले की सुरक्षित राहते, ही समजूत अर्धीच खरी आहे. वंगण वर्षानुवर्षांत घट्ट होते किंवा वाळते, पाणी अडवणारी रबरी कडी कडक होते आणि विसरून गेलेला सेल आतल्या आत पाझरून सर्किट खाऊन टाकतो. वंगण वाळलेले घड्याळ एके दिवशी काढून जोरात चालवले, तर आस झिजतात. म्हणून आळीपाळीने घड्याळे घालावीत, ठरावीक काळाने ती साफ करून घ्यावीत, आणि तारीख दाखवणारे घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान ती तारीख झटपट बदलू नये, कारण त्या वेळी आतली चाके आधीच एकमेकांत अडकलेली असतात. घड्याळ एकाएकी दिवसाला काही मिनिटे पुढे जाऊ लागले, तर ते मोडले असे समजण्याआधी होकायंत्राजवळ धरून पाहावे. सुई हलली, तर हेअरस्प्रिंगचे वेढे चुंबकत्वाने एकमेकांना चिकटले असण्याची शक्यता असते, आणि ते काढून टाकणे हे काही क्षणांचे काम आहे. हे उपाय मला एकेका स्नेह्याकडून मिळाले आहेत.

दुसऱ्याचे घड्याळ हाताळण्याचेही काही शिष्टाचार आहेत. विचारल्याशिवाय उचलू नये, उचलण्याआधी स्वतःच्या हातातले कडे किंवा धातूचा पट्टा काढून ठेवावा, कापडाच्या वरच धरावे, चावी फिरवू नये, आणि किंमत विचारू नये. शेवटचा नियम सर्वांत अवघड जातो, असे माझे निरीक्षण आहे. पण किमतीचा प्रश्न निघाला, की पुढचे सगळे बोलणे त्याच दिशेने वाहत जाते आणि घड्याळ बाजूला राहते.

संपादक महोदय, हे सगळे आपल्या वाचकांपुढे मांडण्यामागे एक विनंती आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यावर झेनिथच्या मालकांनी यांत्रिक घड्याळे बंद करून यंत्रसामग्री मोडीत काढण्याचा आदेश दिला, तेव्हा शार्ल व्हेर्मो नावाच्या तिथल्या कर्मचाऱ्याने एल प्रिमेरो बनवण्याची अवजारे कारखान्याच्या माळ्यावर लपवून ठेवली आणि त्यांची सगळी नोंद लिहून काढली. १९८० च्या दशकात ते यंत्र पुन्हा बनू लागले ते त्या माळ्यामुळे आणि त्या नोंदींमुळे. कारखान्यांचे ज्ञान असे कधी वाचते. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांचे ज्ञान मात्र फारसे कोणी लिहून ठेवलेले नाही, आणि त्याचा एकच कागद माझ्या माहितीत आहे, तो म्हणजे घड्याळाच्या मागच्या झाकणाची आतली बाजू. घड्याळ साफ केले, की कारागीर तिथे सुईने एक बारीक खूण कोरत असे. कधी तारीख, कधी स्वतःचा क्रमांक, कधी केवळ त्यालाच कळणारे अक्षर. जुन्या घड्याळात अशा पाच-सहा खुणाही सापडतात, आणि त्यांवरून ते किती वेळा, केव्हा आणि किती हातांखालून गेले हे समजते. ही घड्याळे चकचकीत करताना त्या खुणा घासून जातात, तसे कोणी करू नये. ज्यांच्या घरी जुनी घड्याळे पडून आहेत, त्यांनी पुढच्या दुरुस्तीच्या वेळी झाकण उघडले असतानाच आतल्या बाजूचे छायाचित्र काढून ठेवावे आणि बदललेले जुने सुटे भाग, काटे, चावी, काच, मागून परत घ्यावेत.

आणि ज्यांनी आयुष्यभर हे काम केले आहे, त्या कारागिरांनी आपल्या खुणांची पद्धत आपल्या दैनिकाला लिहून कळवली, तर ती छापण्यासाठी या स्तंभात जागा द्यावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे. पाच रेघांच्या त्या घड्याळाच्या झाकणात तीन खुणा आहेत. एक तारीख आहे, दुसरा एका दुकानाच्या वहीतला क्रमांक असावा असे आमचे मत पडले. तिसरी म्हणजे एक लहान त्रिकोण, त्याच्या आत एक टिंब आणि शेजारी सात हा आकडा. ती आमच्यापैकी कोणालाही अजून वाचता आलेली नाही.

आपला विश्वासू,
एक घड्याळप्रेमी वाचक